हात न लावलेला फोटो

लोकांना स्वतःचा फोटो आवडत नाही आणि दोष मात्र फोटोग्राफरचा असतो. सव्वीस वर्षं मी हेच ऐकतोय. "नाक एवढं मोठं कसं आलं हो?" अहो बाई, नाक तुमचं, मी काय घरून आणलं होतं? पण असं बोलून धंदा होत नाही. मी म्हणतो, "लाइट जरा चुकला," आत जातो आणि नाक बारीक करून आणतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हातारे फोटोवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करायचे. त्यांचं एकच सांगणं होतं: माणूस दिसतो तसा त्याच्या हातात द्यायचा नाही, त्याला वाटतो तसा द्यायचा. पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, शिकवण तीच राहिली. आमचं पोट तिच्यावरच चाललं.

खाली स्टुडिओ, वर घर. काउंटरवर माझी बायको. पावत्या फाडणं, तारखा देणं, रडक्या पोरांना कॅमेऱ्याकडे बघायला लावणं, सगळं तिच्याकडे. मी तिला मॅनेजर म्हणतो, आणि माझं ऐकून गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. चारचौघांत ती मला अहोजाहो करते, दोघंच असलो की अरेतुरे.

दुकानाच्या काचेत नमुन्याचा एक मोठा फोटो असतो. तो दर वर्षी बदलायचा आणि त्यात मॅनेजरच असायची. फुकटची मॉडेल दुसरी कोण मिळणार! नवी लेन्स आली, नवा पडदा आला, की मी हाक मारायचो आणि ती केस सारखे करत स्टुलावर येऊन बसायची. लग्न झालं त्या वर्षी तिने विचारलं होतं, "माझ्या फोटोवर पण हात फिरवतोस का रे?" मी म्हटलं, "तुझ्या फोटोला हात लावायची गरजच पडत नाही." तेव्हा ते खरं होतं.

तीन वर्षांपूर्वी काचेसाठी फोटो काढला तेव्हा स्क्रीनवर गाल जरा भरलेले दिसले. मी दोन्ही बाजूंनी केसभर आत घेतले. अर्ध्या मिनिटाचं काम. घरच्या फोटोंची मूळ प्रत मी ठेवत नाही, डिस्क भरते. सुधारलेला फोटो ठेवायचा आणि बाकीचं पुसून टाकायचं. तसंच केलं. पुढच्या वेळी जरा जास्त करावं लागलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

इकडे खरी मॅनेजर वाढत चालली होती. तीही धड सगळीकडून नाही. पोट, पाठ, चेहरा सुटत गेला आणि हातपाय काटकुळे झाले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली, मग साखरेची दिली, आणि प्रत्येक वेळी तोच सल्ला दिला: चालायला जा, तोंडावर ताबा ठेवा. ती रोज सकाळी तासभर चालून यायची, घामाने थबथबून वजनकाट्यावर उभी राहायची आणि काटा आपला पुढेच. माझी आई आमच्याबरोबर राहते. तिची जीभ कात्रीसारखी चालते. "वाऱ्यावर का कुणी जाड होतं?" ती मला ऐकवायची, म्हणजे मॅनेजरला ऐकू जाईल अशा आवाजात. ती बिस्किटं मोजून ठेवायला लागली. एका पहाटे मॅनेजर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बिस्किटं खाताना सापडली. भूक सहन होत नाही म्हणून रडत होती आणि खात होती. दुसऱ्या दिवशी आईने डबा वरच्या फळीवर ठेवायला सांगितला. ठेवला मी.

तिची झोप उडाली. कधी विनाकारण रडायची, कधी एवढ्याशा गोष्टीवरून भडका उडायचा. एकदा स्टेपलर भिरकावला, तो माझ्या कानाजवळून गेला. मग तासभर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. "मला काय होतंय ते मलाच कळत नाही रे," ती म्हणाली. मी म्हटलं, वय आहे, होतं. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही.

गिऱ्हाइकं काचेतला फोटो बघून आत यायची आणि तिला विचारायची, "ती तुमची धाकटी बहीण का?" मॅनेजर हसून म्हणायची, "हो, माहेरी असते." एकदा दुकान बंद करताना ती त्या फोटोसमोर थांबली. "सगळे बोलतात मला," ती म्हणाली. "आई बोलतात, डॉक्टर बोलतात, रस्त्यातली माणसं वळून बघतात. तू एकटा कधी काही बोलला नाहीस. तुला मी अजून अशीच दिसते ना?"

"कॅमेऱ्याला दिसतेस ती खरी," मी म्हणालो. ती त्या दिवशी जेवली नीट, आणि झोपलीही थोडी. मला वाटलं, बरं बोललो.

फोटोच्या कागदाचा एक गठ्ठा उचलायला ती वाकली आणि बरगडी मोडली. गठ्ठा मोठाही नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, मग तिच्या हातांवरचे काळेनिळे डाग बघितले आणि मला बाहेर जायला सांगितलं. दारातून सगळं ऐकू येत होतं. नवरा मारतो का, असं विचारत होते! मॅनेजर बरगडी धरून हसली. "ह्यांच्याने झुरळ मरत नाही हो. चप्पल घेऊन मलाच धावावं लागतं." मग त्यांनी तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. तिला उठता येईना. पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे होते, तेही त्यांनी बघितले, आणि हार्मोनच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. मी दोन दिवस धुमसत होतो. माझ्यावर संशय! पण तीन वर्षांत तिच्याकडे धड बघणारा तो पहिला माणूस होता, आणि त्याला पाच मिनिटं लागली.

हार्मोनच्या डॉक्टर म्हणजे एक बारीकशी, भरभर बोलणारी बाई. बोलता बोलता कागदावर चित्र काढायची. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसोल बनवतात. संकटात शरीराला धावायला, लढायला जे बळ लागतं ते त्यातून मिळतं. सकाळी ते जास्त असतं, रात्री खाली जातं. तुमचं खालीच जात नसावं, ती म्हणाली. रात्रंदिवस संकटातच आहे असं तुमचं शरीर समजतंय. म्हणून साखर चढते, रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, कातडी पातळ होते, हातापायाचं मांस झडतं आणि चरबी पोटावर, चेहऱ्यावर, मानेवर जाऊन बसते.

"आणि भूक?" मॅनेजरने विचारलं.

"तीही त्यानेच."

"रडू? चिडणं?"

"त्यानेच."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. आपल्याला आजार आहे हे ऐकून एवढं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. "आईंना सांगाल ना तुम्ही?" ती मला म्हणाली. "मी चोरून खात नव्हते म्हणून सांगाल ना?"

तपासण्या झाल्या. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची होती. आमच्याकडे केमिकलचे जुने कॅन पडलेले, गफलत नको म्हणून तिने लघवीच्या कॅनवर मोठ्या अक्षरात "मॅनेजर" असं लिहून ठेवलं. रात्री एक गोळी घेऊन सकाळी रक्त द्यायचं होतं, रात्री अकराला थुंकी द्यायची होती. सगळीकडे कॉर्टिसोल चढलेलं निघालं. ते बनवायचा हुकूम रक्तातून जातो, तो हुकूमही वाढलेला होता. मग डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यात एक ठिपका होता. होता म्हटला तर होता, नाही म्हटला तर नाही.

"इथेच पंचाईत आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "हुकूम देणारी गाठ मेंदूखाली असेल तर ती वर्षानुवर्षं सावकाश काम करते. नाकातून जाऊन काढता येते, माणूस बरा होतो. पण तीच छातीत नाहीतर दुसरीकडे कुठे लपलेली असेल तर सगळं झपाट्याने होतं, आणि ती जात वाईट असू शकते. मला वेग कळायला हवा. वजनाच्या नोंदी आहेत, पण वजन शंभर कारणांनी वाढतं. चेहरा कधी बदलायला लागला ते मला बघायचंय. गेल्या पाच वर्षांतले फोटो आणा, तारखेप्रमाणे."

मॅनेजरला हसू आवरेना. "फोटो? डॉक्टर, आमच्याकडे दुसरं काही नाहीच!"

मी हसलो नाही. पुढचे चार दिवस तिने स्वतः बसून जुने फोटो शोधून काढले, मागे तारखा घातल्या, अल्बममध्ये ओळीने लावले. मी शेजारच्या खुर्चीवर बसून स्क्रीनवर दुसऱ्याच कुणाची तरी मान सरळ करत होतो. आत्ता सांगावं, जेवण झाल्यावर सांगावं, उद्या सांगावं, असं करत चार दिवस काढले. डॉक्टरला न कळायला काय झालं, तीच ओळखेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ओळखलं म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही, एवढाच त्यातला हिशेब.

डॉक्टरबाईने अल्बम चाळला. परत पहिल्या पानावर गेली. परत शेवटच्या पानावर आली. फोटोकडे बघितलं, समोर बसलेल्या बाईकडे बघितलं.

"यांच्यावर काही काम केलंय का कुणी?"

मी श्वास घेतला, तेवढ्यात मॅनेजर बोलली. "छे! लोकांच्या फोटोंवर करतात हे. माझ्या फोटोला ह्यांनी कधी हात लावला नाही. लागतच नाही म्हणतात." आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत तिला मिरवायला एवढीच एक गोष्ट उरली होती. मी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला.

डॉक्टरबाईचा आवाज उतरला. शेवटचा फोटो दोन महिन्यांपूर्वीचा आहे, ती म्हणाली, आणि त्यात यातलं काहीच नाही. हे सगळं दोन महिन्यांतलं असेल तर आपल्याला घाई करायला हवी. आधी छाती आणि पोट स्कॅन करू, मेंदूच्या ऑपरेशनचं नंतर बघू. तिने कागद लिहून दिला आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बाहेरच्या बाकावर मॅनेजर तो कागद मांडीवर ठेवून बसली. मी स्कॅनच्या खिडकीकडे जायला निघालो तर म्हणाली, "थांब जरा. ऐकून घे. मोठ्या प्रिंटरची जादा किल्ली टाचण्यांच्या डबीत आहे. मे महिन्याच्या दोन लग्नांच्या तारखा मी तोंडी दिल्यात, वहीत घालायच्या राहिल्यात. तुला माझ्याशिवाय काही सापडत नाही." आवाज अगदी रोजचा होता. "आईंना आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायला शिकवते, नाहीतर त्या दोनदा घेतील." मग तिने कागदाची घडी घातली. "वाईट जातीची आहे ना रे? मला वाटलं होतं आता सुटले."

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्या खोटेपणामुळे ती स्वतःच्या मरणाची तयारी करत होती, आणि त्यातही माझ्याच सोयीची काळजी. मी तिचा हात धरला, तिला उठवलं, कारण एकटीने उठता येत नव्हतंच, आणि आतल्या पेशंटची पर्वा न करता दार ढकललं.

"फोटो खोटे आहेत," मी म्हणालो. "मी केलेत."

आतले म्हातारे गृहस्थ आपणहून उठून बाहेर गेले. डॉक्टरबाईने मला बोल लावला नाही. मूळ प्रती कुठे आहेत, एवढंच विचारलं. पुसल्या, मी म्हणालो. सगळ्या? सगळ्या. तिने पेन उघडलं आणि अल्बम माझ्यासमोर सरकवला.

"तुम्हाला आठवतंय का, कुठल्या फोटोत काय काढलं?"

आठवत होतं. हाताला आठवतं. मी मॅनेजरकडे पाठ करून बसलो होतो, खुर्च्या मांडल्याच तशा होत्या. मी पान उघडलं आणि सांगत गेलो.

"हे तीन वर्षांपूर्वीचं. गाल, दोन्हीकडून केसभर. त्याच वर्षी नंतर गालांची लाली उतरवली. हा दुसऱ्या वर्षातला. ओठावरची लव काढली, मग हनुवटीखालची. एकेक करून. कपाळावरच्या पुटकुळ्या. हा निळ्या पडद्यापुढचा. यात जबड्याची कडच दिसत नव्हती, ती नव्याने काढली. इथे, गळ्याच्या हाडांवर, खळगे भरून आले होते, ते परत पाडले. मग मानेमागे उंचवटा आला, म्हणून तिला कायम समोरूनच बसवायला लागलो. हा या वर्षीचा. टाळू दिसत होती, तिथे केस भरले. हातावरचे डाग पुसले."

"आणि हा? दोन महिन्यांपूर्वीचा?"

"यात फार झालं होतं. आधीच्या एका फोटोतला चेहरा आणून बसवला."

पेन थांबलं. डॉक्टरबाई म्हणाली, हे तीन वर्षांचं सावकाश काम आहे, हे मेंदूखालच्या गाठीसारखंच वागतंय. खात्रीसाठी त्या ग्रंथीजवळच्या नसेतलं रक्त तपासू, पण घाबरायचं ते कारण आता बरंच मागे पडलं. एवढी क्रमवार हकीकत मला कुठल्याच नातेवाइकाने दिली नव्हती, असंही म्हणाली. ती कौतुकाने म्हणाली की कशाने, मी वर बघितलं नाही.

"तुला दिसत होतं," माझ्यामागून मॅनेजर म्हणाली. परक्या माणसासमोर तिने मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "केस न् केस दिसत होता."

रक्ताचा निकाल डॉक्टरबाईच्या अंदाजासारखाच आला. ऑपरेशनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. मी आईला सगळं सांगितलं, डबा वरच्या फळीवर मी ठेवला होता हेही मॅनेजरसमोर सांगितलं. आईने तो खाली काढला, उघडून मॅनेजरसमोर ठेवला. मॅनेजरने डब्याला हात लावला नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. ही पावती, ती तारीख, ते गिऱ्हाईक आलंय. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा "बरं" म्हणाली. त्यापेक्षा स्टेपलर फेकून मारला असता तर मला झोप लागली असती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी काचेतला फोटो काढून आणून भिंतीशी उलटा ठेवला होता. तिने तो बघितला आणि काउंटरवरून विचारलं, "उद्या माझं काही बरंवाईट झालं तर भिंतीवर कुठला लावशील?"

"असं बोलू नकोस."

"बोलू नको काय? विचारतेय. फोटोवाला आहेस ना तू? कुठला लावशील?"

मी मनातल्या मनात सगळे अल्बम चाळले. माझ्याकडे तिचा एकही फोटो नव्हता. चालून चालून घामाघूम होणारी, पहाटे रडत बिस्किटं खाणारी, धाकटी बहीण माहेरी असते म्हणून हसणारी जी बाई तीन वर्षं माझ्या शेजारी झोपली, ती कुठेच नव्हती. तिला मी एकेक करून पुसून टाकलं होतं.

ती काउंटरला हात टेकून उठली, हळूहळू चालत आत गेली आणि स्टुलावर बसली. "काढ," म्हणाली.

मी लाइट लावले. सवयीने तोंडातून निघालं, "हनुवटी जरा पुढे," कारण त्याने गळा लपतो. तिने हनुवटी हलवली नाही. केसही सारखे केले नाहीत. मी कॅमेऱ्यातून बघितलं. गोल, लाल, सुजलेला चेहरा, आणि त्यात तिचे डोळे. मला नीट दिसेना, डोळे पुसून परत बघावं लागलं. मी एकच फोटो काढला.

तो मोठ्या स्क्रीनवर घेतला तेव्हा ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, खांद्याचा आधार घेऊन. स्वतःचा असा फोटो तिने कधी बघितलाच नव्हता. ती रडेल म्हणून मी वाट बघत राहिलो. ती रडली नाही. गालांकडे बघितलं, गळ्याकडे, हातांकडे, सावकाश, गिऱ्हाइकाच्या फोटोत डोळे मिटलेले नाहीत ना हे तपासते तसं.

"ही बाई आजारी आहे," ती म्हणाली. "असा एक जरी काचेत लावला असतास ना, तर रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी आत येऊन सांगितलं असतं."